पट्टी लावलेली गिटार: जाझसाठी नवी सेमी-हॉलो कशी पारखायची

समोर टेबलावर जी गिटार आहे, तिच्या डोक्यावर काळी चिकटपट्टी लावलेली दिसतेय ना? ती मुद्दाम लावली आहे. पट्टीखाली बनवणाऱ्याचं नाव आहे आणि आज ते आपल्याला नको आहे. नाव दिसलं की कान अर्धे बंद होतात, हा आमचा अनुभव. आम्ही म्हणजे आम्ही दोघं: एक वाजवणारा, एक दुरुस्तीच्या बाकावर बसणारा. आज बोलतोय एकच, पण मतं दोघांची आहेत, आणि जिथे आमचं पटलं नाही तेही सांगणार आहोत.

गिटार नवी कोरी आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने घेतली. तो सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम्स यांच्याबरोबर वाजवतो. किंमत सव्वा लाखाच्या घरात. दुकानाने परत घ्यायला आठ दिवसांची मुदत दिली आहे आणि त्यातले पाच दिवस गेले. त्याचा प्रश्न साधा आहे: ठेवू की परत करू? परत करायची शक्यता असेतोवर गिटारला कानस लावता येत नाही, पॉलिशला धक्का लावता येत नाही. तेव्हा आज आपण जे काही करू ते फक्त ऐकून, बघून, हात लावून.

आधी ‘सेमी-हॉलो’ हे काय प्रकरण आहे ते बघू, कारण या एका नावाखाली दुकानात चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

गिटारचं जुनं दुखणं म्हणजे ती ऐकू येत नाही. लिऑन ॲबी यांचा बँड १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्या काळातल्या कुठल्याही नाचाच्या बँडमध्ये गिटारवाला मागे बसून ठेका धरायचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या समोर त्याची एकेरी सुरावट कुणाला ऐकू जाणार? १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० काढली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. पोकळ अंगाची गिटार, तिला पिकअप बसवलेला. चार्ली ख्रिश्चनने १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात तीच वाजवली आणि गिटार पहिल्या रांगेत आली. तो १९४२ साली क्षयाने गेला, वय २५. ताफ्यात त्याला तीन वर्षंही मिळाली नाहीत, पण त्यानंतर जाझ गिटारचा आवाज म्हणजे काय हे ठरून गेलं: पोकळ लाकडाचा, गोल, थोडा गडद.

मात्र पोकळ अंगाला वीज जोडली की एक नवी भानगड सुरू होते. तार हलते, पिकअप ते टिपतो, ॲम्पमधून आवाज येतो. तो आवाज हवेतून परत गिटारच्या पातळ छातीवर आदळतो, छाती हलते, छातीवरची घोडी हलते, घोडीमुळे तार हलते, आणि पिकअप पुन्हा तेच टिपतो. चक्र पूर्ण झालं की गिटार स्वतःहून घुमायला लागते. यालाच फीडबॅक म्हणतात. तंबोऱ्याचा भोपळा लाउडस्पीकरसमोर धरलात तर काय होईल याची कल्पना करा.

लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास यावर अगदी सरळ उपाय केला. चार इंच बाय चार इंचाचा लाकडी ओंडका घेतला, त्यावर नेक, पिकअप आणि घोडी बसवली. ते दिसायला विचित्र दिसायचं म्हणून एपिफोन गिटारचे दोन अर्धे कापून ओंडक्याला बाजूंनी जोडले. त्याचं नावच ‘द लॉग’. १९५८ साली टेड मॅकार्टी प्रमुख असताना गिब्सनने ईएस-३३५ बाजारात आणली, तेव्हा तीच कल्पना नीट सुतारकामात उतरली होती. अंग सोळा इंच रुंद, बाजूची पट्टी जेमतेम पावणेदोन इंच उंच. जाझवाल्यांच्या लाडक्या ईएस-१७५ च्या साधारण निम्मी. वरचं आणि खालचं पान दाबून बाक दिलेल्या प्लायवूडचं, आणि मधोमध, नेकपासून शेपटीपर्यंत, मेपलचा सलग ठोकळा. दोन्ही बाजूंना पोकळी. म्हणजे भोपळ्यात ओंडका घातला! घोडी ओंडक्यावर उभी, म्हणून फीडबॅक कमी आणि सूर जास्त वेळ टिकतो. बाजू पोकळ, म्हणून थोडी हवा आवाजात शिल्लक राहते.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. लगेच पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, ईएस-३३० आली. लांबून बघितली तर जुळी बहीण वाटावी. पण आत ठोकळाच नाही, पूर्ण पोकळ. ग्रँट ग्रीनने साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाजवली ती ही ३३०. नंतर एमिली रेमलरनेही. उलट लॅरी कार्लटनची गिटार ३३५, आणि जॉन स्कोफिल्ड ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून आयबानेझची एएस-२०० वाजवत आला, तीही ठोकळ्याची. बाहेरून सारखी दिसणारी दोन वाद्यं, आत एका लाकडाचा फरक. त्यामुळे विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘कुठल्या रंगात आहे’ हा नसून ‘ठोकळा कुठून कुठपर्यंत आहे’ हा आहे. बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसतं. मग मोबाइलचा टॉर्च लावा आणि एफ आकाराच्या भोकातून स्वतः बघा.

आम्ही बघितलं. या गिटारमध्ये ठोकळा नेकपासून निघतो आणि घोडीच्या थोडा मागे संपतो. मागचा भाग मोकळा आहे. म्हणूनच तारा मागे ठोकळ्यात रोवलेल्या नाहीत, खालच्या कडेला अडकवलेल्या लोंबत्या टेलपीसवर आहेत. अंग पंधरा इंचाचं, वजन तीन किलो शंभर ग्रॅम. अशा बांधणीच्या गिटारी सहसा साडेतीन ते चार किलो भरतात, म्हणजे बनवणाऱ्याने ठोकळा कापून वजन आणि हवा दोन्ही कमावले आहेत. जाझवाल्याला हे आवडणार, हे त्याला माहीत आहे. त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते आता शोधायचं.

ॲम्प बंद. नुसती वाजवतो, ऐका. (कोरडी वाजवून दाखवतात.) दुकानात कुणी असं वाजवत नाही, कारण शेजारी कुणीतरी जोरात वाजवत असतं. पण कोरड्या वाजवण्यात निम्मं कळतं. डावा कान गिटारच्या वरच्या कडेला टेकवा आणि प्रत्येक तारेवर एकेक पडदा वर चढत जा. घाई नको. सहा तारा, बावीस पडदे, दहा मिनिटं लागतात. या दहा मिनिटांत आम्हाला एक जागा सापडली: तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याचा सी. आजूबाजूचे सूर चार-पाच सेकंद आस धरतात, हा मात्र दीड सेकंदात बसतो. (वाजवून दाखवतात.) ऐकलंत? बी चालतो, सी बसतो, सी शार्प पुन्हा चालतो.

हा दोष पडद्याचा, अंगाचा की नेकचा? तोच सी चौथ्या तारेवर दहाव्या पडद्यावर मिळतो. तिथे तो ठणठणीत आहे. म्हणजे अंग तो सूर गिळत नाही. मग पडदा तपासला. शेजारच्या तीन पडद्यांवर छोटी सरळ पट्टी ठेवली, डुगडुगत नाही, म्हणजे उंचसखल नाही. राहता राहिला नेक. नेकला स्वतःचं एक कंपन असतं. तारेच्या सुराशी ते नेमकं त्या जागी जुळलं की नेक तारेची ताकद ओढून घेतो. खात्री करायला आम्ही डोक्याला कापड गुंडाळून छोटा क्लॅम्प लावला, म्हणजे वजन वाढवलं. सी मोकळा झाला आणि बी थोडा बसका झाला. दोष एका पडद्याने खाली सरकला, गेला नाही.

इथे आमचं दोघांचं फाटलं. बाकावर बसणाऱ्याचं म्हणणं असं की नव्या गिटारमध्ये, सव्वा लाख मोजल्यावर, मधल्या तारेवर, मधल्या पडद्यावर, अगदी रोज लागणाऱ्या सुराला ही अवस्था असेल तर परत करा, दुसरा नग मागा. दुसऱ्या नगात ती जागा कदाचित दोन तारांच्या मधल्या सुरावर पडेल आणि जन्मात कळणार नाही. वाजवणाऱ्याचं म्हणणं वेगळं. मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत आठव्या भागाचा सूर ०.१५ सेकंद टिकतो. दीड सेकंदात बसणारा सूर तिथे कुणाला कळणार? बॅलडमध्ये कळेल, पण तिथे बोट चौथ्या तारेवर न्या. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. विद्यार्थ्याला आम्ही एवढंच विचारलं की तू बॅलड किती वाजवतोस. तो हसला.

आता तारा. दुकानातून ही आली ती टेनच्या सेटवर, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाचा दहा सहस्रांश भाग, आणि तिसरी तार साधी, न गुंडाळलेली. जाझवाले बहुधा इलेव्हन किंवा ट्वेल्व्हच्या चपट्या तारा लावतात, आणि त्यात तिसरी तार गुंडाळलेली असते. मागच्या व्याख्यानात यावर आपण बोललो होतो, म्हणून थोडक्यात सांगतो. ट्वेल्व्ह लावले की ताण वाढतो, नेक पुढे वाकतो, आतली सळई थोडी आवळावी लागते. ते उलटवता येतं. घोडीवरचं तिसऱ्या तारेचं खोबणीचं तुकडं पुढे घ्यावं लागतं, कारण गुंडाळलेल्या तारेला साध्या तारेइतकी जास्तीची लांबी लागत नाही. तेही उलटवता येतं. पण नटची खाच रुंद करायची तर कानस चालवावी लागते, आणि ती एकदा चालवली की गिटार आपली! म्हणून आम्ही इलेव्हनच्या चपट्या तारांवर थांबलो. तिसरी तार खाचेत केसभर वर बसली आहे, पहिल्या पडद्यावर ती किंचित चढी लागते. ते सध्या सोडून द्या, तो गिटारचा दोष नाही.

(ॲम्प सुरू करतात.) नेककडचा पिकअप, टोनचं बटण निम्म्यावर, व्हॉल्यूम सहावर. दहावर नाही, हे महत्त्वाचं. दुकानात सगळे दहावर वाजवतात आणि घरी सहावर. व्हॉल्यूम खाली आणला की बऱ्याच गिटारींमध्ये तीव्र भाग आधी गळतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. या गिटारमध्ये तो गळतो, पण बेताने.

आता कॉर्ड. डी मायनर सेव्हन, जी थर्टीन, सी मेजर सेव्हन, फक्त चौथी, तिसरी आणि दुसरी तार. (वाजवून दाखवतात.) आम्ही काय ऐकतोय? मधला सूर. सी मेजर सेव्हनमधला बी वेगळा ऐकू येतो का, की तिन्ही सूर मिळून एक गोळा होतो? जाझ गिटारवाला साथ करताना या मधल्या सुरांवरच जगतो. बेस बासवाला वाजवतोय, सुरावट सॅक्सोफोन वाजवतोय, तुमच्या हातात राहिलं काय तर मधला माणूस. इथे ही गिटार खरोखर चांगली आहे. बी स्पष्ट ऐकू येतो आणि तरी आवाज टोचत नाही. कापलेल्या ठोकळ्याची ही कमाई आहे. आमच्याकडची पूर्ण ठोकळ्याची गिटार याच कॉर्डला जास्त सपाट वाटते. ती मागच्या रांगेत ठेवली आहे, नंतर येऊन वाजवून बघा.

पिकअप हंबकर आहेत, गिब्सनच्या सेथ लव्हरने काढलेल्या पद्धतीचे. त्याने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९५९ मध्ये मिळालं. दोन गुंडाळ्या, चुंबक उलटसुलट, त्यामुळे विजेची गुणगुण एकमेकींना मारते. अमेरिकेत ती साठ हर्ट्झची, आपल्याकडे पन्नासची. आपल्या सभागृहांत दिवे मंद करणारी यंत्रं ज्या तारेवर असतात तीच बऱ्याचदा ॲम्पला येते, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

आणि आता खरी परीक्षा. इथे आमची स्वतःची एक फसगत सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एक पूर्ण पोकळ गिटार दुकानात बसून, तिथल्या सुंदर ॲम्पवर, हळू आवाजात वाजवून घेतली. आवाज असा की डोळे मिटावेत. पहिल्याच कार्यक्रमात ड्रमरने ब्रश ठेवून काठ्या उचलल्या, आम्ही ॲम्प वाढवला आणि पाचवी तार मोकळी वाजवली की खोली घुमायची. अख्खा दुसरा भाग आम्ही पाचवी तार टाळून वाजवला. दोष दुकानाचा नव्हता. आम्ही त्यांच्या खोलीत, त्यांच्या आवाजात ऐकलं होतं. तेव्हापासून आमचा प्रश्न बदलला. गिटारचा आवाज चांगला आहे का, हे आम्ही विचारत नाही. कितव्या आवाजापर्यंत तो चांगला राहतो, हे विचारतो.

त्यासाठी असं करा. ॲम्प ड्रम्सच्या काठ्यांइतका मोठा. तुम्ही त्याच्यापासून एक मीटरवर, गिटार ॲम्पकडे तोंड करून. तारांवरून दोन्ही हात उचला. (करून दाखवतात. गिटार हळूहळू घुमू लागते.) हा घुमणारा सूर ओळखा. सहाव्या तारेचा तिसरा पडदा, जी, सुमारे अठ्ठ्याण्णव हर्ट्झ. साध्या पोकळ गिटारच्या पेटीतली हवा शंभर हर्ट्झच्या आसपासच घुमते, म्हणजे मागचा मोकळा भाग बोलतोय. पण सगळाच फीडबॅक सारखा नसतो. असा खर्जातला घुमार अंगाचा. उंच, कर्कश शिट्टी आली तर ती पिकअपची. आतल्या गुंडाळीत मेण नीट भरलेलं नसतं, प्लास्टिकच्या पिकने पिकअपवर टकटक केलं की ॲम्पमधून टकटक ऐकू येते. आणि तिसरा प्रकार म्हणजे धरलेली तारच गात राहते, तो बऱ्याच जणांना हवा असतो. या गिटारची शिट्टी नाही. घुमार आहे.

घुमार घालवायला काय करतात? ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, थोडं वळून उभे राहा, ॲम्पचा बेस कमी करा. (तिन्ही करून दाखवतात.) बघा, निम्मा गेला. शेवटचा उपाय म्हणजे एफच्या भोकातून आत स्पंज कोंबणं. तोही आम्ही केला. घुमार पूर्ण गेला आणि सी मेजर सेव्हनमधला तो सुंदर बी सुद्धा गेला.

म्हणून विद्यार्थ्याला आमचं सांगणं असं. उद्या ही गिटार तुमच्या सरावाच्या खोलीत न्या, तुमचा ॲम्प, तुमचा ड्रमर, त्याच्या हातात काठ्या. ॲम्प खुर्चीवर, बेस कमी, अंग वळवलेलं. स्पंज न लावता जी शांत राहिला तर ठेवा, सी चा दोष पोटात घालून ठेवा. स्पंज लागलाच तर परत करा. ज्या हवेसाठी पैसे मोजले तीच बुजवायची असेल तर पूर्ण ठोकळ्याची, थोडी सपाट गिटार याहून स्वस्तात मिळते. या एका चाचणीवर आमच्या दोघांचं एकमत आहे.

श्रोता: पावसाळ्यात काय? माझ्याकडे कोकणातल्या घरात गिटार असते.

चांगला प्रश्न. वरचं पान प्लायवूडचं असल्यामुळे सेमी-हॉलो भरीव पानाच्या गिटारपेक्षा कमी फुगते, पण नेक हलतोच. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता गिटारला मानवते. कोकणातला जुलै त्याच्या पुष्कळ वर. पेटीत ठेवा, पेटीत आर्द्रतामापक ठेवा. आणि पुण्यातल्या एप्रिलला विसरू नका. तेव्हा फिंगरबोर्ड आकसतो आणि पडद्यांची टोकं कडेला हाताला लागायला लागतात. या गिटारचा फिंगरबोर्ड शिसवी आहे, आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाच्या कुळातला. पाच दिवसांत टोकं लागलेली नाहीत. एप्रिल बघितल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

श्रोता: आता तरी पट्टी काढा ना!

मुदत संपली की काढू. आधी ज्यांना वाजवायची आहे त्यांनी दोघादोघांनी पुढे या, हात पुसून. पट्ट्यातली धातूची बक्कलं काढून ठेवा, मागच्या पॉलिशवर ओरखडा गेला तर तीन दिवस शिल्लक असूनही गिटार परत जायची नाही.